पाच, सहा आणि सातवा खंड

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. वेळ लिहून ठेवते आहे, कारण उद्या हा माणूस म्हणेल की मी असं बोललोच नव्हतो.

अकरा चाळीसला विद्वानाने माझ्या टेबलाखालून डोकं बाहेर काढलं, गुडघे झटकले आणि म्हणाला, "काकू, डिस्क गेली. सीडी ड्राइव्हपण गेला. बोर्डच म्हातारा झालाय."

काकू! ह्याच्या कुठल्या काकाशी मी लग्न केलं ते मला आठवत नाही.

विद्वान म्हणजे संगणक दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, मेकॅनिक आणि शिपाई, तिन्ही एकच. नाव मी ठेवलेलं आहे. शुक्रवारी तो माझी पेटी घेऊन गेला, 'आतली धूळ काढतो, पंखा बदलतो' म्हणून. नेली तेव्हा चालत होती. आज आणून जोडली तर पडद्यावर फक्त दोन ओळी. प्रायमरी मास्टर: नन. प्रायमरी स्लेव्ह: नन, म्हणजे कुणीच नाही. माझं सगळं बालपण नन्सच्या शाळेत गेलं. इतक्या निरुपयोगी नन्स मी पाहिल्या नाहीत.

विचारलं, "दोन्ही एकाच दिवशी कसे गेले? ठरवून?"

हसला. "जुन्या मशीनचं असंच असतं. नवीन घ्या, ताप जाईल."

कुणाचा ताप? नवीन घेता येत नाही हे ह्याला चार वर्षं सांगते आहे. माझा ब्रेलचा प्रिंटर, म्हणजे कागदावर ठिपके उठवणारं ते लोखंडी धूड, जुन्या रुंद पंचवीस टाचण्यांच्या वायरनेच जोडला जातो. नव्या संगणकाला त्या वायरीचं तोंडच नसतं. म्हणून हा बोर्ड. म्हातारा आहे, कबूल. मीही आहे.

त्या डिस्कवर भाचीच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकाचे सात खंड आहेत. मी स्वतः टाइप केलेले, प्रत्येक सूत्र ब्रेलमध्ये बसवलेलं. चार छापून तिच्या हातात आहेत. पाच, सहा, सात ह्या महिन्यात छापायचे होते. तेवीस मार्चला परीक्षा. तिसरी खेप आणि शेवटची. नियमात चौथी नाही. संगणक तिला मजकूर वाचून दाखवतो, पण सूत्र आलं की भागिले कुठे संपलं आणि वर्गमूळ कुठे सुरू झालं ह्याचा पत्ता लागत नाही. सूत्र बोटांखालीच लागतं.

विद्वान निघताना म्हणाला, "बॅकअप असेलच ना?"

"तूच करून दिलास. डी मध्ये."

"हां. डी म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा भाग ना."

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, जणू बाहेर ऊन पडलंय.

बुधवार, ४ फेब्रुवारी

फोन. "काकू, डिस्क द्या माझ्याकडे, भंगारात घालतो." मी म्हटलं, ती डिस्क ह्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. म्हणाला, "ठेवा मग आठवण म्हणून."

मला माणसांची किळस फार लवकर येते अशी बहिणीची तक्रार आहे. लवकर येत नाही. माणसंच वेळ दवडत नाहीत.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

बोर्डाचं मॅन्युअल सापडलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, मीच ठेवलेलं. चौऱ्याऐंशी पानं आणि छपाई मुंग्यांची रांग.

शनिवार, ७ फेब्रुवारी

भाचीला सुट्टी. विमा कंपनीत आकडेमोडीच्या खात्यात आहे, ही परीक्षा झाली तर पक्की होईल, नाही झाली तर पुन्हा टेलिफोनवर बसवतील. आठ वर्षं टेलिफोनवर बसली. 'कृपया प्रतीक्षा करा' हे वाक्य ती झोपेतही बोलायची, असं तिची आई सांगते.

ती जन्मापासून आंधळी आहे आणि जिभेने माझ्याहून इंचभर लांब.

आल्या आल्या म्हणाली, "तू पेटी उघडलीस का?"

"विद्वान म्हणतो, गेली."

"विद्वान माझ्याबद्दलही म्हणाला होता, ह्यांना संगणक कसा जमणार."

पेटीचं झाकण काढलं. धूळ काढायला नेली होती ना? पंखा नवा, बाकी धूळ जशीच्या तशी. कोपऱ्यात कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत. ह्या माणसाला मी दारात उभं केलं, चहा दिला.

भाचीने डिस्कवर तळहात ठेवला, मग कान. "मावशी, सुरू कर." सुरू केलं. "फिरतेय. खडखड नाही, टकटक नाही. ही मेलेली नाही. हिला कुणी हाक मारत नाहीये."

मी इतकी वर्षं गणित शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला कुणी सांगायला नको. वहीत ओळी आखल्या. पहिलं, डिस्कला वीज देणारी वायर बदलून पाहिली. फरक नाही. दुसरं, बोर्डाकडून येणारी चपटी करडी पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली. ह्या एकाच पट्टीवर डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोन्ही लटकतात. फरक नाही. तिसरं, बोर्डावर तशीच दुसरी जागा आहे, पट्टी तिथे लावली. आता 'सेकंडरी मास्टर: नन'. नन्सनी फक्त खोली बदलली.

भाची हातांनी जोडत होती, मी टॉर्च धरून उभी होते. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "हे उजेडाचं काम कुणासाठी चाललंय?"

रविवार, ८ फेब्रुवारी

संगणकाचं घड्याळ पाहिलं. एक जानेवारी, आणि साल असं की तेव्हा मी नोकरीत होते. मॅन्युअल म्हणतं की बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली की तो सगळ्या सूचना विसरतो. बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळाली. बसवली. तारीख घातली. डिस्कच्या जागी 'ऑटो' निवडलं. घड्याळ आता बरोबर चालतं. डिस्क नाही.

बहिणीचा फोन. "तुम्ही दोघी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलात म्हणे? शॉक लागला तर?" मग आवाज खाली करून, "ताई, ती आत्ताच म्हणायला लागलीय की नाही झाली परीक्षा तरी चालेल. तिचं 'चालेल' मला माहीत आहे."

मलाही माहीत आहे. मागच्या वेळी निकालानंतर ती दहा दिवस 'चालेल' म्हणत होती आणि जेवत नव्हती.

मंगळवार, १० फेब्रुवारी

विद्वानाने फोन उचलला नाही. सहा वेळा. सातव्यांदा उचलला आणि म्हणाला, "रेंज नाहीये काकू."

बुधवार, ११ फेब्रुवारी

भाची ऑफिसमधून थेट इकडे आली. म्हणाली, दुपारभर एकच विचार चालू होता: एका पट्टीवर दोघं, आणि दोघंही गप्प. एकट्याला बसवून पाहू.

सीडी ड्राइव्ह एकटाच जोडला. दिसला! म्हणजे तो मेलेला नव्हता. विद्वानाने जिवंत माणसाला मृत्यूचा दाखला दिला होता.

डिस्क एकटी जोडली. नन.

मग भाचीने दोन्हींच्या पाठी चाचपल्या. वायरीच्या शेजारी बारीक खुंट्यांच्या जोड्या असतात आणि एका जोडीवर तांदळाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी. "सीडीची टोपी मधल्या जोडीवर आहे. डिस्कला टोपीच नाही. असं असतं का?"

मॅन्युअल भिंगाखाली धरलं. एक परिच्छेद वाचायला मला किती वेळ लागला ते लिहीत नाही. सारांश असा: एका पट्टीवर दोन साधनं असतील तर एकाला मास्टर ठरवायचं आणि दुसऱ्याला स्लेव्ह, आणि ते ठरवते ही टोपी. दोघंही स्लेव्ह असतील तर बोर्डाला कुणीच उत्तर देत नाही. सरकारी खिडकीसारखं. दोन कारकून बसलेत, दोघांना वाटतंय साहेब तो दुसरा. टोपी नसलेली डिस्क ही बहुतेक स्लेव्ह, असं आम्ही धरलं; सीडी ड्राइव्ह स्लेव्ह असूनही एकटा असला की बोलतो, ही एकटीही बोलत नाही, एवढाच फरक.

एवढंच होतं! चार वर्षं चालणाऱ्या डिस्कची टोपी ह्या माणसाने पाडली, आणि ती उचलायच्याऐवजी माझा बोर्ड म्हातारा ठरवला.

टोपी आणायची कुठून? भाचीने पेटीतल्याच एका बंद पडलेल्या कार्डावरची नखाने उपटली. कुठल्या जोडीवर घालायची त्याचं चित्र डिस्कच्या चिकटपट्टीवर असतं म्हणे. तिने विचारलं, "चित्रात काय आहे?" मी म्हटलं, पुसट झालंय. "मग एकेक करून बघू. चारच तर जागा आहेत."

पहिली जोडी. नन. बंद केलं, टोपी हलवली. दुसरी जोडी.

प्रायमरी मास्टर आणि पुढे अक्षरं, आकडे, डिस्कचं सगळं खानदान! खाली सीडी ड्राइव्ह. दोघं.

मी भाचीचे खांदे धरून हलवले. ती म्हणाली, "सोड, चष्मा पडेल." चष्मा ती लावत नाही. हा तिचा विनोद आहे.

पण त्याच्यापुढे संगणक गेला नाही. चालू करणारी यंत्रणाच ह्या डिस्कवर नाही, असं काहीतरी इंग्रजीत. उद्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

जुन्या डब्यातून सुरू करायची फ्लॉपी काढली. पूर्वी शाळेत आम्हा शिक्षकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं, तेव्हा सगळ्या बायका कंटाळल्या होत्या आणि मी एकटीने टिपणं काढली होती. काळा पडदा आला. अक्षरं मोठी आणि पांढरी, एवढा उपकार. डिस्कवर काय आहे त्याची यादी मागितली.

भाची शेजारी. "आले का खंड?"

यादी सरकत होती. मी वाचत होते आणि मला कळत नव्हतं. वरची डावी सहा. खालची उजवी सात. अक्कलदाढ, तिरकी. कवळी, दुसरं माप.

"मावशी? काय दिसतंय?"

"दाढा."

"कुणाच्या?"

"आपल्या नाहीत."

शेकडो माणसांच्या दाढा. पूर्ण नावांनिशी, कुणाच्या कुठे कीड आहे त्याच्यासकट. मी कीबोर्डवरचा हात साडीला पुसला. दुसऱ्याच्या तोंडात बोट घातल्यासारखं वाटलं. आठ दिवस आम्ही रक्त आटवून ज्या डिस्कला हाक मारत होतो, ती आमची नव्हतीच. म्हणूनच तिच्या डोक्यावर टोपी नव्हती. कुठल्यातरी दाताच्या दवाखान्यात ती दुसरी डिस्क म्हणून बसलेली होती, तिथे ती स्लेव्हच. विद्वानाने तिथली इथे घातली.

मग आमची कुठे घातली?

भाचीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

यादीत दवाखान्याच्या पत्राचा मसुदा होता. त्यातून फोन नंबर मिळाला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाई. आवाज तरुण, वागणं नीट. त्यांचं एक्स-रेचं यंत्र जुनं आहे, ते जुन्याच संगणकावर चालतं, म्हणून तो ठेवलाय. ऐकून मला त्यांच्याबद्दल नात्यातलं काहीतरी वाटलं. तेही पुढची दोन मिनिटंच.

त्यांची पेटीही त्याच आठवड्यात विद्वानाकडे होती. परत आली ती बंद. तो म्हणाला, दुसरी डिस्क गेली. काढली, नवी घातली.

"आणि काढलेली?"

"ती नष्ट करून घेतली." पुढे अभिमानाने, "रुग्णांची माहिती असते ना त्यात. कुणाच्या हाती पडता कामा नये. मी स्वतः दुकानात उभी राहिले आणि समोर ड्रिलने भोक पाडून घेतलं."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या रुग्णांच्या दाढा माझ्या टेबलावर आहेत."

त्या म्हणाल्या, "मग मी भोक कशाला पाडलं?"

मी सांगितलं कशाला.

शनिवार, १४ फेब्रुवारी

दुकानात गेले. विद्वान गिऱ्हाईकाला नवीन संगणक दाखवत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि वर्गात बोलते त्या आवाजात सगळं सांगितलं. गिऱ्हाईक निघून गेलं.

"काकू, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. माणूस आहे, होतं."

"प्रत्येकीवर नंबर असतो."

"असतो ना." त्याने ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं. "नेताना मी तुमचा नंबर लिहिला. आणल्यावर तुम्ही पडताळायचा आणि सही करायची. ही बघा सही."

सही माझी होती. वळणदार, सिस्टरांनी पट्टी मारून शिकवलेली. वर बारीक छापलेलं त्याने बोट ठेवून वाचलं, 'नंबर पडताळून पाहिला.' डॉक्टरीणबाईंचीही होती, त्यांच्या पावतीवर. दोन्हींवर शेजारी विद्वानाची. तिघांनी सह्या केल्या आणि तिघांपैकी एकानेही नंबर पाहिला नाही.

तो म्हणाला, "डॉक्टर मॅडमनी घाईत केली. पण तुम्ही तर शिक्षिका."

मी पावतीपुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. घरी येऊन साबणाने हात धुतले, दोनदा.

सोमवार, १६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आपली डिस्क घेतली आणि आमची पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. डाव्या बाजूला आरपार भोक, कडा बाहेर वळलेल्या. रडवेल्या झाल्या होत्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही. आता वाटतं, म्हणायला हवं होतं.

त्या गेल्यावर भाचीने डिस्क मांडीवर घेतली आणि भोकात बोट घातलं. "एवढा मोठा ठिपका पहिल्यांदाच वाचतेय."

मी हसले नाही.

"ऐक ना. छापील पुस्तक आहे. राहिलेली पानं किती, एकशे ऐंशी? महिना आहे अजून. तुझा हात बसलेला आहे. तू टाइप कर, मी ऑफिसमधून आले की तपासते. त्या सातव्या खंडाला तुला किती दिवस लागले होते?"

मी म्हटलं, बघते. पाठ दुखते हल्ली. प्रिंटरच्या आवाजाबद्दल वरचे लोक तक्रार करतात. आणखी काय काय म्हटलं. एकही वाक्य खरं नव्हतं.

ती जाताना दाराशी थांबली. "चालेल, मावशी."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

इथेही लिहिलं नव्हतं, म्हणून आता लिहिते. गेल्या वर्षापासून पानाच्या मधोमध करडा डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. जिकडे बघावं तिथलंच अक्षर जातं. डॉक्टर म्हणाले, वाढेल, परत जाणार नाही. सातवा खंड त्याच्या आधी संपला होता म्हणून झाला. पावतीवरचा नंबर मी पाहिला नाही, कारण पाहता आला नसता. आणि 'वाचून दाखव' असं त्या माणसाला म्हणायची मला लाज वाटली. म्हणून वळणदार सही ठोकली.

सकाळी भाचीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. वर्षभर तू जिना मोजत चढतेस. मला वाटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील."

मग विद्वानाला पत्र लिहिलं. त्याची नक्कल:

"नंबर मीही पाहिला नाही, तेवढा दोष माझा. बाकीचा तुमचा. पैसे नकोत. टोपी जागेवर असलेली एक चालू डिस्क पाहिजे. आणि शनिवार २१ फेब्रुवारीपासून २२ मार्चपर्यंत रोज सकाळी आठ ते अकरा तुम्ही स्वतः माझ्या घरी येऊन संख्याशास्त्राच्या पुस्तकाची सहा पानं मोठ्याने वाचायची, चिन्हांसकट, कंसांसकट. मी टाइप करीन. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल, न येणाऱ्यांकडूनच मी जन्मभर वाचून घेतलं. येणार की नाही ते लेखी कळवा, शुक्रवार, २० फेब्रुवारी, सायंकाळी पाचच्या आत. अक्षर मोठं काढा."